प्लेट आधी काढायची, की गुडघा बदलतानाच?

पत्राचा सारांश: लिहिणारे ६४ वर्षांचे, तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. २०११ मध्ये मोटारसायकलवरून पडून उजव्या नडगीच्या हाडाचं डोकं थेट सांध्यात फुटलं. बाहेरच्या अंगाने प्लेट आणि सात स्क्रू बसवले. ‘जखम महिना-दीड महिना वाहत होती, गोळ्या-इंजेक्शनांनी बसली,’ असं ते ओघात लिहितात. गेली चार वर्षं गुडघा दुखतो. पाय पूर्ण ताठ होत नाही आणि वाकताना काटकोनाच्या जरा अलीकडेच अडतो. मधुमेह आठ वर्षांचा, शेवटचं एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६, तंबाखूची सवय आहे. मिरजेतले एक सर्जन म्हणाले, ‘प्लेट काढू आणि त्याच बैठकीत गुडघा बदलू.’ कोल्हापुरातले दुसरे म्हणाले, ‘आधी प्लेट काढू, तीन महिन्यांनी गुडघा.’ मुलाला वाटतं, दुसऱ्या डॉक्टरांना दोन बिलं करायची आहेत. थोरले बंधू म्हणतात, एकदा उघडलेला गुडघा पुन्हा उघडू नये. वहिनींचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला आणि तिसऱ्या महिन्यात त्या रानात जायला लागल्या. ‘कुणाचं ऐकू? आणि माझा गुडघा वहिनींसारखा होईल का?’

नमस्कार.

तुमच्या पत्रात डॉक्टरांबद्दल, खर्चाबद्दल, वहिनींबद्दल पुष्कळ आहे. पण सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत: जखम महिना-दीड महिना वाहत होती. ही गोष्ट तुम्ही दोन्ही डॉक्टरांना सांगितली होती का? पत्रावरून वाटतं, कोल्हापुरात तुम्हाला विचारलं गेलं आणि मिरजेत विषय निघाला नाही. तसं असेल तर दोघांचं मत वेगळं असण्यात नवल नाही. दोघांनी वेगवेगळी हकिगत ऐकली आणि तिच्यावरून आपापला निर्णय दिला.

ती जखम एवढी महत्त्वाची का, ते आधी पाहू. जंतू धातूवर बसले की स्वतःभोवती पातळ, चिकट थर करतात. रक्तातून येणारं औषध त्या थरात नीट पोचत नाही. वरची कातडी मिटते, ताप जातो, माणूस बरा झाला असं सगळे धरून चालतात आणि काही जंतू प्लेटच्या खाली, स्क्रूच्या भोवती वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतात. तुमच्या गुडघ्यात ते आहेतच असं कुणी म्हणत नाही. पण असतील आणि त्याच जागी नवा सांधा बसवला, तर जंतूंना प्लेटपेक्षा कितीतरी मोठा धातू मिळतो. मग तो सांधा काढून टाकणं, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवणं, सहा आठवडे किंवा जास्त औषधं आणि नंतर पुन्हा नवा सांधा, अशी रांग लागते. दोन ऑपरेशनं टाळायला गेलेल्या माणसाची तीन होतात.

म्हणून ‘एकदाच की दोनदा’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की आत जंतू आहेत का, आणि त्याची तपासणी कुठल्याही डॉक्टरांची बाजू न घेता करता येते.

सुरुवात रक्तातल्या ईएसआर आणि सीआरपी या, अंगात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का याचा अंदाज देणाऱ्या, दोन तपासण्यांनी होते. दोन्ही सांगली-मिरजेतल्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतात. ईएसआर ३० च्या वर किंवा सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पुढे शोध घ्यायचा, असा साधारण दंडक आहे. इथे एक घोटाळा नेहमी होतो. काही लॅब सीआरपी लिटरच्या मापात देतात, काही डेसिलिटरच्या. डेसिलिटरला १ म्हणजे लिटरला १०. तेव्हा नुसता आकडा फोनवर कळवू नका, रिपोर्टचा फोटो पाठवा. सर्दी-खोकला, दाढ, लघवीची आग, गाउट यांनीही हे आकडे चढतात, म्हणून अशा वेळी तपासणी दोन आठवडे पुढे ढकललेली बरी.

आकडे चढलेले असोत किंवा नसोत, तुमच्या हकिगतीत गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासावं असा आग्रह धरा. त्या पाण्यातल्या पेशी मोजायच्या आणि ते कल्चरला लावायचं, म्हणजे त्यातून जंतू उगवतात का ते लॅबमध्ये बघायचं. कल्चर १४ दिवस ठेवायला सांगा. दोन-तीन दिवसांत ‘काही उगवलं नाही’ असा रिपोर्ट देऊन बंद केलेलं कल्चर तुमच्या उपयोगाचं नाही, कारण अशा जुन्या प्रकरणातले जंतू सावकाश वाढतात. आणि पाणी काढण्याआधी किमान दोन आठवडे कुठलीही अँटिबायोटिक पोटात नको. गावात गुडघा सुजला की पाच दिवसांचा कोर्स घेण्याची रीत आहे. त्या पाच दिवसांनी जंतू मरत नाहीत, कल्चरमधून फक्त लपतात. मग रिपोर्ट खोटा दिलासा देतो आणि त्यावर भरवसा ठेवून चुकीचा निर्णय होतो.

याच कारणाने ‘गॅप पडलीय, वंगण संपलंय’ म्हणून सांध्यात इंजेक्शन घ्यायला तूर्त नाही म्हणा. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत गुडघा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. इंजेक्शन कशाचं होतं हे बहुतेकांना ठाऊकही नसतं. गेल्या वर्षभरात एखादं घेतलं असेल तर कुठलं, कधी, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता समजा, सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. मग मिरजेच्या डॉक्टरांचा मार्ग बरोबर ठरू शकतो. भूल एकदाच, दवाखान्यातला मुक्काम एकच, व्यायामाची मेहनत एकदाच. पण जिथे कधीकाळी जखम वाहिली आहे तिथे रिपोर्ट स्वच्छ असूनही आत संशयास्पद दिसू शकतं: स्क्रूभोवती मऊ, करडा मगज, ढिला झालेला स्क्रू, गढूळ पाणी. तेव्हा त्यांना एवढंच विचारा: ‘प्लेट काढताना असं काही दिसलं तर तुम्ही काय कराल?’ योग्य उत्तर असं: तिथेच थांबू, चार-पाच वेगवेगळ्या जागचे तुकडे कल्चरला पाठवू, साफ करून शिवू, गुडघा नंतर बघू. हे संमतिपत्रात आधी लिहूनही घेता येतं. असं उत्तर देणारा सर्जन एका बैठकीचा बेत करत असला तरी विश्वासाचा आहे. ‘तसं काही निघत नाही हो’ म्हणणाऱ्याकडे एक बैठक नको, दोनही नकोत.

तुमच्या मुलाचा संशय मी झटकून टाकत नाही, खर्च तुम्हालाच करायचा आहे. पण वाहिलेली जखम, हाडाला चिकटलेली कातडी, काढायला अवघड प्लेट किंवा वाकडं जुळलेलं हाड यांतलं काहीही असेल तेव्हा आधी प्लेट काढून आतले तुकडे तपासणं आणि सहा आठवडे ते तीन महिने थांबून सांधा बसवणं हा जुना, मान्य रिवाज आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने याच हिशेबात बसतात. फक्त त्यांना विचारा की पहिल्या ऑपरेशनमध्ये कल्चर पाठवणार का. नुसती प्लेट काढून काहीच न तपासता तीन महिने थांबायचं असेल, तर दोन टप्प्यांचा अर्धा फायदा तिथेच गेला.

तिसरी वाटही असते, ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. जंतूंचा संशय मुळीच नसेल, तर प्लेट पूर्ण काढावीच लागते असं नाही. नवा सांधा नडगीच्या हाडात एका छोट्या खुंटीवर बसतो. त्या खुंटीच्या आड येणारे वरचे दोन-तीन स्क्रू काढले आणि बाकी धातू जागेवर ठेवला, असंही करतात. त्याने कातडी कमी सोलावी लागते. तुमच्या बाबतीत जुन्या जखमेमुळे मी याच्या बाजूने नाही. पण ज्यांची जखम पहिल्या फटक्यात सुकली होती अशा वाचकांनी हे जरूर विचारावं.

कातडीकडे आता वळतो. गुडघा बदललेल्या माणसाकडे सगळे चालणं बघतात. जुन्या ऑपरेशनवाल्या गुडघ्यात मात्र पुष्कळ वेळा सगळं कातडीवर अडतं. गुडघ्याच्या पुढच्या कातडीला रक्त मुख्यतः आतल्या बाजूने येतं. तुमचा जुना व्रण बाहेरच्या अंगाला आहे. सर्जननी नेहमीसारखा मधोमध नवा उभा छेद घेतला, तर दोन छेदांच्या मधली पट्टी दोन्हीकडून तुटते आणि काळी पडू शकते. म्हणून शक्यतो जुनाच उभा व्रण वापरतात. अनेक व्रण असतील तर त्यातला सगळ्यात बाहेरचा, चालण्याजोगा धरतात. नवा छेद घ्यावाच लागला तर दोन्हींत पाच ते सात सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार बोटं अंतर राखतात. जुना व्रण आडवा असेल तर तो काटकोनात ओलांडला तरी चालतो. घरी एक करून बघा: पाय सैल सोडून व्रणाभोवतालची कातडी चिमटीत धरा. ती उचलली जाते, सरकते का? की खालच्या हाडाला घट्ट चिकटली आहे, पातळ, चकाकणारी झाली आहे? चिकटली असेल तर ऑपरेशनच्या आधी प्लास्टिक सर्जनना दाखवायची गोष्ट आहे. जखम उघडी पडल्यावर त्यांना बोलावण्यापेक्षा हे फार बरं.

प्लेट काढणं ऐकायला सोपं वाटतं. चौदा-पंधरा वर्षांत हाड तिच्यावर चढतं. प्लेट ‘लॉकिंग’ जातीची आणि टायटॅनियमची असेल तर स्क्रू प्लेटशी जखडतात, आणि पान्हा लावला की डोक्याची खाच घासून गुळगुळीत होते. मग ते डोकं ड्रिलने उडवून उरलेला दांडा पोकळ करवतीने काढावा लागतो. त्यात वेळ जातो, हाडही जातं. म्हणून जुनं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा कागद, इम्प्लांटचं स्टिकर यांतलं जे सापडेल ते शोधा. कंपनी कळली की नेमका पान्हा मागवता येतो. नियमाने दवाखान्यांना कागद तीन वर्षंच जपावे लागतात, त्यामुळे २०११ चे कागद तिथे मिळण्याची आशा कमी. घरातली ट्रंक, विमा क्लेमची फाइल, त्या वेळच्या फॅमिली डॉक्टरांकडची चिठ्ठी तपासा. काहीच नाही मिळालं तर एक्स-रेवरून अंदाज बांधतात आणि तुटके स्क्रू काढायचा संच थिएटरमध्ये तयार ठेवतात. तो संच मागवलाय का, हे आदल्या दिवशी विचारायला संकोच करू नका.

आणखी तयारी लागते. स्क्रू निघाले की हाडात भोकं राहतात आणि तिथे हाड कच्चं होतं, म्हणून नव्या सांध्याला खाली लांब दांडा जोडून त्या भोकांच्या पुढे जावं लागतं. बाहेरच्या बाजूला हाड खचलेलं असेल तर धातूची पाचर बसवतात. बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे बंध, ढिले झाले असतील तर जास्त पकड देणारा सांधा लागतो. हे सगळं आधी कळण्यासाठी साधा गुडघ्याचा एक्स-रे पुरत नाही. उभं राहून खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे, बाजूचा एक्स-रे आणि बहुधा सीटी स्कॅन लागतो. बाजूच्या एक्स-रेमध्ये वाटी किती खाली ओढली गेली आहे ते कळतं. जुन्या ऑपरेशननंतर वाटीखालचा स्नायुबंध आखडतो, गुडघा उघडताना तो हाडावरून उपटला जाण्याची भीती असते, आणि तो उपटला तर पाय स्वतःहून सरळ करता येत नाही. अनुभवी सर्जन तेवढ्यासाठी वरचा स्नायू थोडा तिरका कापतात किंवा हाडाची छोटी खपली उचलून परत बसवतात. तुमच्यासारखे, दुखापतीनंतर झिजलेले गुडघे वर्षाला किती बदलता, हा प्रश्न त्यासाठीच विचारायचा. एकूण गुडघे किती बदलता, याने तुम्हाला काही कळणार नाही.

आता वहिनींच्या गुडघ्याकडे. आपल्याकडे सगळ्यालाच ‘वाटी बदलणं’ म्हणतात, म्हणून दोन्ही ऑपरेशनं एकच वाटतात. वहिनींचा गुडघा वयाने झिजलेला, त्याला आधी सुरी लागलेली नव्हती. अशा गुडघ्यांबद्दल २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अंदाज असा की शंभरातले सुमारे ८२ सांधे २५ वर्षं टिकतात. तुमच्यासारख्यांचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ मध्ये नडगीचं डोकं फुटल्यानंतर गुडघा बदललेल्या ६२ जणांची पाहणी मांडली. वेदना आणि चालणं बहुतेकांचं सुधारलं, पण साधारण चारांतल्या एकाला ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली आणि पाचांतल्या एकाचं पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. तुमचे थोरले बंधू घाबरतात ते अगदीच निराधार नाही. ‘उघडू नये’ हे मात्र खरं नाही. ‘तयारीशिवाय उघडू नये’ एवढं खरं आहे.

वाकण्याचं गणित तर सरळ आहे: आधी जितका वाकतो, त्यावरच नंतर किती वाकेल हे बरंचसं ठरतं. तुमचा आज ८५ अंशांच्या आसपास अडतो. चांगलं ऑपरेशन आणि मन लावून व्यायाम झाला तर ९५ ते १०५ ही प्रामाणिक आशा आहे. तेवढ्यात खुर्चीतून उठणं, जिना, एसटीची पायरी, बांधावरून चालणं जमतं. मांडी, उकिडवं बसणं, वज्रासन जमणार नाही. घरात कमोड नसेल तर तो ऑपरेशनच्या आधी बसवून घ्या. उलट पाय पूर्ण ताठ होणं तुमच्यासाठी जास्त मोलाचं आहे, कारण वाकडा राहिलेला पाय चालताना मांडीचे स्नायू थकवतो. म्हणून ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी अजिबात नको. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम आजपासूनच सुरू करा. दर रविवारी मुलाकडून बाजूने दोन फोटो काढून घ्या, एक पाय ताठ केलेला, एक वाकवलेला. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी ९० अंशही होत नसेल तर डॉक्टरांकडे जा. भूल देऊन गुडघा मोकळा करायचा असेल तर तो पहिल्या बारा आठवड्यांत करण्यात अर्थ असतो, नंतर आतले चिकटे घट्ट होतात.

ज्यांचं आधीचं ऑपरेशन दुसऱ्या प्रकारचं होतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. दुर्बिणीतून गुडघ्यातली गादी कापलेल्यांचे निकाल बहुधा नेहमीसारखेच लागतात, फक्त दुर्बिणीचं ऑपरेशन आणि सांधा बदलणं यांत सहा महिने जाऊ द्यावेत. लिगामेंट नवं बसवलेल्यांचा अडथळा बहुतेक स्क्रूचा असतो आणि तो त्याच बैठकीत निघतो. पाय सरळ करण्यासाठी नडगीचं हाड कापून प्लेट बसवलेल्यांची वाटी खाली आलेली असू शकते, हाडाचा उतार बदललेला असतो. त्यांनी वरचा एक्स-रेचा भाग पुन्हा वाचावा.

तुमच्या हातातली दोन कामं कुठल्याही सर्जनपेक्षा मोठी आहेत. एचबीए१सी ८.६ वर तारीख घेऊ नका. ते ७.५ च्या आसपास, निदान ८ च्या खाली आणा. ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची साखर दाखवते, तेव्हा आठवडाभर भात सोडून ती सुधारत नाही. आणि तंबाखू ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद, जखम भरेपर्यंत बंद. चघळलेल्या तंबाखूतलं निकोटीनही कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि तुमच्या गुडघ्यावर कातडीचंच रक्त अपुरं आहे. सोबत दात दाखवून घ्या. टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यातला चिखल्या बरा करा.

जखमेचं एक सूत्र घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. ऑपरेशननंतर पाच-सात दिवसांनीही पट्टी ओली होत असेल तर गावात गोळ्या सुरू न करता त्याच दिवशी सर्जनकडे जायचं. २०११ मध्ये नेमकं हेच झालं नव्हतं. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

खर्चाचं थोडक्यात. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना केंद्राने ऑगस्ट २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती. आजचा आकडा विचारून घ्या. तुम्हाला लागणारा लांब दांडा आणि पाचर यांचा हिशेब वेगळा होतो, म्हणून अंदाजपत्रकात प्रत्येक भाग निराळा लिहून मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते अंगीकृत दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा. बिलावर इम्प्लांटची स्टिकरं चिकटवून घ्या आणि त्यांचा फोटो मुलाच्या फोनमध्येही ठेवा.

वेळ बागेच्या हिशेबानेच धरू. साखर आणि तंबाखूचं काम आजच सुरू करा. रक्त आणि पाण्याची तपासणी मधल्या काळात उरकून दोन्ही डॉक्टरांना एकच फाइल दाखवा. दोन टप्पे ठरले तर द्राक्षं उतरल्यावर मार्चअखेरीस प्लेट निघेल. एप्रिलची खरड छाटणी मुलाकडे द्यावी लागेल. कल्चर स्वच्छ आलं तर जुलैच्या सुरुवातीला गुडघा. म्हणजे ऑक्टोबरच्या फळछाटणीला तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसाल, मांडवाखाली वाकायला मात्र जायचं नाही. वहिनींना तीन महिने लागले, तुम्ही सहा धरा, आणि पुढच्या खरड छाटणीपर्यंत सुधारणा होत राहील. बेदाण्याच्या शेडवर मजूर लावायचे ते या हिशेबाने आत्ताच सांगून ठेवा.